कॅस्टरच्या ‘ब्रॅकेट’ले मराठीत काय लिहावं?

जिनिंगचा मुनीम, वणीकडचा:
नमस्कार मंडळी. आमच्या जिनिंगमंदी रुईच्या गाठी हलवाच्या ट्रॉल्या नव्या बनवाच्या हायेत आन मागणीपत्र मराठीतच पायजे असं मालकाचं म्हननं हाये. त्याईच्या खाली कॅस्टर लागते, म्हंजे चाक आन ते धरनारं लोखंडी ब्रॅकेट. चाक लिहिता येते, पन चाक ज्याच्यात बसते ते ब्रॅकेट, म्हंजे वर चौकोनी प्लेट आन दोन बाजूनं खाली आलेले पाय, त्याले काय लिहू? मोबाईलवर भाषांतर करून पाह्यलं तं ‘जड कर्तव्य चाक कंस’ असं आलं. दुकानदारानं हे वाचलं तं मले सरळ मथुरेले पाठवन.

वेल्डिंगवाला:
कंस गणितात राहू द्या भाऊ. आमच्या वर्कशॉपात पोट्टे त्याले चिमटा म्हनते, सायकलच्या पुढच्या चाकाचा असते तोच शब्द. पन दुकानात जाऊन चिमटा मागसान तं तो पाह्यत राहीन तुमच्याकडे. तिथं ब्रॅकेटच चालते, आन त्यातबी गोंधळ असा का कोनी ब्रॅकेट म्हनून चाकासकट अख्खं कॅस्टर देते, कोनी रिकामं देते, आन नवा पोऱ्या असला काउंटरवर तं फळी ठोकाचा एल आकाराचा ब्रॅकेट काढून ठेवते. म्हनून ‘कॅस्टरचं रिकामं ब्रॅकेट’ का ‘चाकासकट कॅस्टर’ हे पयले लिहा.

मराठीच्या बाई, आर्वी:
चिमटा मला आवडला, पण तो फक्त खालच्या दोन पायांना लागतो, वरची प्लेट आणि मधला फिरणारा भाग त्यात येत नाही. आपल्याकडे बैलबंडीच्या चाकाला शब्द भरपूर आहेत, धाव, आरे, तुंबा, आक, पण या भागाला जुना शब्द सापडणार नाही कारण बंडीचं चाक सरळ आकावर बसतं आणि वळायचं असलं की बैलांसोबत अख्खी बंडी वळते, एकटं चाक उभ्या खिळ्याभोवती गरगर फिरतच नाही. वस्तूच नव्हती तर शब्द कुठून येणार. ‘चाकघर’ म्हटलं तर कसं वाटतं?

वेल्डिंगवाला:
बाई, घर नका म्हनू, घर बेरिंगचं असते. बेरिंगचं घर खराब झालं असं सगळेच म्हनते, त्यात अजून एक घर आलं तं मिस्त्री कोनत्या घरात जाईन?

बाई, आर्वी:
मान्य. मग ब्रॅकेटच ठेवा, स्टेशन आणि टेबल ठेवलं तसं. चिमटा बोलण्यात राहू दे.

दालमिलवाला, अकोला:
नावापेक्षा त्याच्यासमोर लागनारा शब्द महत्त्वाचा. एक फिक्स आन एक मुव्हिंग. मुव्हिंगलेच काही जन रिव्हॉल्विंग म्हनते, कॅटलॉगमंदी स्विव्हल असते, हे तिन्ही एकच. मराठीत ‘स्थिर’ आन ‘फिरतं’ लिहिलं तं कळते, पन नुसतं ‘फिरतं चाक’ लिहू नका, चाक तं फिक्समंदीबी फिरतेच न बाप्पा! ‘फिरतं ब्रॅकेट’ लिहा. जड ट्रॉलीले दोन स्थिर दोन फिरते बरे, आन हँडल फिरत्या बाजूनं. चारही फिरते लावले तं जागच्या जागी वळते, अरुंद गोदामात ठीक, पन लांब सरळ न्याचं असन तं भरलेली ट्रॉली तिरपी तिरपी पळते, दोन माणसं तिले सरळ ठेवन्यातच दमते.

मुनीम:
बरं, आन ‘हेवी ड्युटी’ले? अवजड लिहू का?

वेल्डिंगवाला:
अवजड लिहा नाई तं काईबी लिहा, त्या शब्दाले वजन नाई. एकाचं हेवी ड्युटी १५० किलोचं, दुसऱ्याचं ५०० चं, दोघाईच्या डब्यावर तेच छापलेलं. किलोच लिहा. एका खेपेले गाठी किती ठेवता?

मुनीम:
चार. गाठ १७० किलोची.

वेल्डिंगवाला:
म्हंजे ६८०, ट्रॉलीचा सांगाडा अंदाजे १३० धरा, झाले ८१०. आता चारनं नाई भागाचं, तीननं भागा. काऊन का फरशी कुठंच सपाट नसते, एक चाक अधांतरी राह्यते आन तेवढा वेळ सगळा भार तिघांवर येते. २७० आलं, तं ३०० च्या खालचं घेऊच नका. आन हा आकडा चाक आन ब्रॅकेट दोन्हीचा पायजे. चाक ५०० चं आन ब्रॅकेट २०० चं असन तं ती जोडी २०० चीच. लोक चाक दाबून पाह्यते, पीयू (पॉलियुरेथेन) हाये का नायलॉन हाये विचारते, ब्रॅकेटकडे कोनी पाह्यत नाई, आन पयले वाकते तं तेच. फिरत्या ब्रॅकेटमंदी बेरिंगचे छर्रे पाहा, डबल बॉल म्हंजे छर्र्याच्या दोन लाइनी. हातानं वर-खाली हलवून पाहा, नवीनच खडखड करत असन तं परत ठेवा. पत्रा प्रेस करून बनवलेलं हलक्या-मध्यम कामाले चालते, खरंच जड असन तं जाड प्लेट कापून वेल्ड केलेलं पायजे.

मेकॅनिकल डिप्लोमावाला, बुटीबोरी:
यात एक जोडतो. कॅटलॉगमधला लोड बहुतेक वेळा हाताने ढकलायच्या वेगाचा असतो. आयएसओ २२८८३ हे मानक ताशी ४ किमीपर्यंतच आहे, त्यावर १६ किमीपर्यंत वेगळं, २२८८४. आमच्याकडे काही जण तीच ट्रॉली ट्रॅक्टरमागे बांधतात आणि मग ब्रॅकेट निकृष्ट म्हणून ओरडतात. आणि उंची लिहा, जमिनीपासून प्लेटच्या वरपर्यंत. स्थिर आणि फिरतं वेगवेगळ्या कंपनीचं घेतलं की चाक तेच १५० एमएम असूनही उंचीत फरक येतो आणि ट्रॉली डुलते. प्लेटवरच्या बोल्टच्या भोकांचं माप मध्यापासून मध्यापर्यंत द्या. युरोपियन मापात लहान प्लेटला भोकांचं माप ८० बाय ६० एमएम, मोठीला १०५ बाय ८० नेहमी दिसतं, पण इथल्या मालात सगळीकडे तेच असेल असं धरू नका, जुनी प्लेट काढून मोजा. प्लेटच्या मापाला भोकांचं माप समजून ऑर्डर देणारे पुष्कळ आहेत.

बाई, आर्वी:
फिरत्या ब्रॅकेटमध्ये चाक वरच्या बोल्टच्या सरळ खाली नसतं, थोडं मागे असतं, त्याला काय म्हणता?

डिप्लोमावाला:
ऑफसेट. त्याच्यामुळेच चाक आपोआप मागे वळून चालतं. आणि म्हणून गरगर फिरताना ते जास्त जागा घेतं, सांगाड्याच्या अँगलला घासणार नाही एवढं अंतर सोडावं लागतं.

दालमिलवाला:
रुईच्या जागी अजून एक गोष्ट, चाक आन चिमट्याच्या मधात रुईचे तंतू गुंडाळून गुंडाळून घट्ट होते, चाक जाम. तिथं बाजूनं झाकन असलेलं मागा. लोखंडी चाक तं जिनिंगमंदी नकोच, ठिनगीची भीती. आन पावसाळ्यात यार्डाच्या काळ्या मातीत न्याची असन तं हे कॅस्टरचं प्रकरनच सोडा, हवेच्या टायरची लावा.

मुनीम:
यार्डात नाई, आतच, कोब्यावर. मग असं लिहितो, पाहा: ‘ट्रॉलीसाठी चाकासकट कॅस्टर, १५० एमएम पीयू चाक, वेल्ड केलेलं ब्रॅकेट, प्रत्येकी क्षमता किमान ३०० किलो, निम्मे स्थिर निम्मे फिरते, डबल बॉल, चाकाच्या बाजूनं झाकन, दोन्हीची एकूण उंची सारखी, भोकांचं माप सोबतच्या कागदावर.’

वेल्डिंगवाला:
ब्रेक राह्यला. फिरत्या दोघाईले लिहा, आन नुसता चाकाचा नको, चाक आन वरचं फिरनं दोन्ही धरनारा. नुसतं चाक धरलं तं गाठ ठेवताना ट्रॉली जागीच गिरकी मारते.