मदत हवी आहे: आईच्या डोक्यावरची गाठ त्वचेचीच की दुसरीकडून आलेली?

वाटसरू_७७
नमस्कार, जरा घाई आहे. आईच्या डोक्यावरची गाठ काढली, तिचा रिपोर्ट आला. 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा, प्रायमरी अ‍ॅडनेक्सल की मेटास्टॅटिक, क्लिनिकल कोरिलेशन करावे, आयएचसी सुचवले आहे.' म्हणजे लॅबलाच कळलेलं नाही का? सर्जन सोमवारी परत ऑपरेशन म्हणतात, आजूबाजूची कातडी आणखी काढून मांडीची कातडी लावायची. आज गुरुवार. आयएचसीचे पैसे वेगळे. करू की नको, एवढंच सांगा.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, स्लाइडवर पेशी तपासते. करा. पण एवढ्यावर भागणार नाही. आईंचं वय काय? गाठ किती दिवस होती? एकच होती की अजून कुठे आहेत? आणि मुख्य म्हणजे, आधी कधी कुठला कॅन्सर झाला होता का? लॅबने टाळाटाळ केलेली नाही, खरं तेच लिहिलंय: गाठ ग्रंथीच्या कॅन्सरची (अ‍ॅडिनोकार्सिनोमा) आहे, पण त्वचेतल्या ग्रंथीतच सुरू झाली (प्रायमरी अ‍ॅडनेक्सल) की दुसरीकडच्या कॅन्सरमधून आली (मेटास्टॅटिक), ते नुसत्या स्लाइडवरून ठरत नाही. म्हणून रुग्णाची माहिती जुळवून बघा म्हटलंय. आयएचसीत पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून तेच शोधतात.

नाना_सांगली
माझ्या मेव्हण्याच्या पाठीवर अशीच गाठ होती. कांचनार गुग्गुळ तीन महिने घेतला, विरघळली. चाकू लावू देऊ नका, चाकू लागला की पसरतं.

स्लाइडवाली
नाना, गाठ आधीच काढलेली आहे. आणि चाकू लागल्याने पसरतं या भीतीपायी किती बायका वर्षभर उशिरा येतात ते मी रोज बघते. कृपया असं लिहू नका.

वाटसरू_७७
वय ६४. गाठ वर्षभर होती, बोराएवढी. भांग पाडताना कंगवा अडकायचा म्हणून लक्षात आली. दुखत नव्हती. फॅमिली डॉक्टर चरबीची गाठ म्हणाले होते. शुगर आहे, बाकी काही नाही.

मीनल_पुणे
खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. आम्ही सासऱ्यांच्या वेळी कार्डासाठी दोन दिवस घालवले होते.

शल्यकार
मी सर्जन आहे. आधी पेट सीटी करा, म्हणजे अंगात कॅन्सर कुठे उजळतो ते दाखवणारा स्कॅन. दुसरीकडे काही दिसलं नाही तर गाठ त्वचेची, विषय संपला.

स्लाइडवाली
विषय संपत नाही, सर. बारीक ठिपके पेटमध्ये दिसत नाहीत आणि स्तनाचा लोब्युलर प्रकारचा कॅन्सर तर पुष्कळदा नीट उजळतच नाही. पेट हवाच, पण आयएचसीच्या जोडीला.

शल्यकार
आणि आयएचसी म्हणजे ब्रह्मवाक्य का? त्यातलं पी६३ हे प्रथिन पॉझिटिव्ह आलेले मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरून आलेल्या गाठी) मी पाहिलेत.

स्लाइडवाली
बरोबर, मूळ कॅन्सर स्क्वॅमस (सपाट पेशींचा) किंवा मूत्राशयाचा असेल तर येतो. म्हणूनच एकट्या पी६३ वर कुणी जात नाही. पी६३, सीके५/६ आणि डी२-४० हे आयएचसीचे तिन्ही मार्कर एकत्र लावायचे. त्वचेत जन्मलेल्या गाठीत ते बहुधा पॉझिटिव्ह येतात, बाहेरून आलेल्या ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये बहुधा निगेटिव्ह. अपोक्राइन आणि म्युसिनस प्रकार यातही चकवतात. तिथे स्लाइडवर गाठीच्या कडेला त्वचेतल्या ग्रंथींच्या जुन्या नळ्या शोधायच्या. नळीच्या आत कॅन्सरच्या पेशी आणि बाहेरून मायोएपिथेलियल पेशींचा (नळीला मुळातच वेढणाऱ्या पेशींचा) अखंड थर दिसला, तर तो कॅन्सर तिथेच सुरू झाला असं म्हणायला मोठा आधार मिळतो.

कोकणी_माणूस
माझ्या कानामागे तीन वर्षांपासून मऊ गाठ आहे, दाबली की पांढरं येतं. तीही तपासू का?

मीनल_पुणे
तुम्ही वेगळा धागा काढा ना. आणि दाबू नका.

वाटसरू_७७
मीनलताई, तुमच्यामुळे रेशनकार्डाची पिशवी काढली. त्यात आईची जुनी फाइल निघाली. २०१५ मध्ये तिच्या उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं, मग केमो आणि पाच वर्षं गोळ्या. मी मुद्दाम लपवलं नाही. पाच वर्षं पार पडली, आता सुटलात असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात तो विषय मिटलेला होता. रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह' आहे. डोक्याच्या कातडीचा त्याच्याशी काय संबंध?

स्लाइडवाली
संबंध आहे. बायकांमध्ये त्वचेवर येणारे मेटास्टॅसिस सर्वांत जास्त स्तनाचेच, आणि डोक्याची कातडी ही त्यांच्या नेहमीच्या जागांपैकी एक. ईआर आणि पीआर म्हणजे पेशींमधले हार्मोनचे रिसेप्टर. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो. पण लगेच तसंच धरून बसू नका. स्तन ही मुळात घामाच्या ग्रंथीचीच बदललेली ग्रंथी. म्हणून ईआर, पीआर आणि गाटा-३ हा आणखी एक मार्कर घामाच्या ग्रंथीच्या गाठीतही पॉझिटिव्ह येतात, त्यांच्यावरून निवाडा होत नाही. २०१५ चा ब्लॉक, म्हणजे लॅबने मेणात जपलेला तेव्हाच्या गाठीचा तुकडा, मिळवा. जुनी स्लाइड आणि नवी स्लाइड शेजारी ठेवून बघणं हा निम्मा निकाल असतो.

शल्यकार
हे आधी कळलं असतं तर मी पेट पेट केलं नसतं. वाटसरू, सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकला. तुमच्या सर्जनना २०१५ बद्दल माहीत आहे का?

वाटसरू_७७
नाही. फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' मध्ये मी फक्त शुगर लिहिलं होतं.

शल्यकार
आत्ता फोन करा. त्वचेचा असेल तर रुंद कापणं हाच उपाय. स्तनाचा असेल तर डोक्याची एवढी कातडी काढून हाती फार काही लागत नाही, उलट जखम भरेपर्यंत गोळ्या-औषधं लांबतात. त्यातून शुगर.

नाना_सांगली
शुगरला मेथी भिजवून द्या.

मीनल_पुणे
ब्लॉक तुमच्या आईचाच आहे, मागायला घाबरू नका. अर्ज द्या, सही करून मिळतो. दुसरं मत हवं असेल तर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्लाइड आणि ब्लॉक तपासून देतात.

वाटसरू_७७
सर्जनशी बोललो, ऑपरेशन थांबवलंय. ते रागावले नाहीत. उलट फाइलचे फोटो मागवून घेतले, पेट सीटीची चिठ्ठीही दिली. जुन्या लॅबमधून ब्लॉक मिळाला, काडेपेटीहून लहान, मेणात बसलेला पांढरट तुकडा. आयएचसीला दोन्ही दिलेत, पाच-सहा दिवस लागतील. आई विचारते, टाके काढायला कधी जायचं. तिला एवढंच सांगितलंय की जुनी फाइल डॉक्टरांना दाखवली.

स्लाइडवाली
टाके ठरल्या दिवशी काढा, रिपोर्टसाठी थांबू नका. आणि तो आला की सगळा इथे टाका, नुसती शेवटची ओळ नको.