एक्सटर्नल ड्राइव्ह लिनक्सला दिसत नाही : आधी लॉग की आधी केबल?

कृष्णाकाठ

एक्सटर्नल ड्राइव्ह लावली आणि लिनक्सला दिसली नाही असं कुणी विचारलं, की सल्ल्यांचा पाऊस पडतो. केबल बदला, पोर्ट बदला, विंडोजला लावून बघा, एनटीएफएसफिक्स (विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीमसाठीची दुरुस्तीची कमांड) चालवा. मग कुणीतरी येतोच आणि सांगतो, फॉरमॅट मारा. माझं मत सरळ आहे : यातलं काहीही करण्याआधी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (नोंदवही) वाचा. लॉग न बघता सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या डेटाशी खेळणं.

'दिसत नाही' या तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. ड्राइव्ह यूएसबीवर सापडतच नाही. किंवा सापडते, पण एसडीबी, एसडीसी अशी डिस्क म्हणून उभी राहत नाही. किंवा डिस्क उभी राहते, एलएसबीएलके ही डिस्कची यादी देणारी कमांड तिचं पार्टिशनसुद्धा (डिस्कचा विभाग) दाखवते, पण फाइल सिस्टीम माउंट होत नाही, म्हणजे फाइली उघडता येत नाहीत. पहिल्या बिघाडात फॉरमॅट होऊच शकत नाही, तिसऱ्यात केबल बदलून काडीचा फरक पडत नाही.

टर्मिनलमध्ये सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून डीमेसेज डॅश डब्ल्यू ही कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड चालू ठेवा आणि मग ड्राइव्ह लावा. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर उणे ७१' असं आलं तर केबल, पोर्ट किंवा ड्राइव्हचं सर्किट यांच्यात बोलणंच नीट होत नाहीये. उणे ११० म्हणजे समोरून वेळेत उत्तर आलं नाही. कंपनीचं नाव, मॉडेल, आकार, पार्टिशन सगळं ओळीनं उतरलं आणि मग एनटीएफएसची तक्रार आली, तर हार्डवेअरच्या मागे लागू नका. दोन मिनिटांचं काम आहे आणि डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही.

कोल्हापूर_डेटा

कृष्णाकाठ, तुमच्याशी मी सहमत नाही. माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि असल्या ड्राइव्ह रोज समोर येतात. लॉग वाचायच्या आधी ड्राइव्हला कान लावा. टक-टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल, तर हेड, म्हणजे चकतीवरून डेटा वाचणारा भाग, नीट बसत नाहीये. अशी डिस्क प्रत्येक वेळी चालू केली की चकतीवर ओरखडे पडायचा धोका वाढतो. 'लॉग बघायला परत लाव, पेस्ट कर, आता पुन्हा लाव' असं चार जणांनी सांगितलं की वाचण्यासारखा डेटाही जातो.

दुसरं, वीज. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. २.५ इंची हार्डडिस्क फिरायला लागते तेव्हा तिला घटकाभर १ अँपिअरच्या आसपास लागतात. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देता येतात. तिथं एक डिस्क, एक पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड लावला की डिस्क उठते आणि झोपते. लॉगमध्ये काय येतं? नुसतं 'यूएसबी डिसकनेक्ट'. त्यावरून वीज कमी पडली हे नवख्यानं कसं ओळखायचं? स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावला की प्रश्न मिटतो.

आणि मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या कित्येक केबलींत डेटाच्या तारा नसतातच. तशा केबलीनं लॉग कोराच राहणार.

कृष्णाकाठ

कोरा लॉग हेही उत्तरच आहे. ड्राइव्हचा दिवा लागतोय आणि लॉगमध्ये एकही ओळ नाही, तर डेटाच्या तारांपाशी शोधा, फाइल सिस्टीमपाशी नको.

केबलचं म्हणाल तर तिची परीक्षा लॉगइतकी चांगली कुठेच होत नाही. यूएसबी ३ ची ड्राइव्ह लावल्यावर 'न्यू सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस' यायला हवं. त्याऐवजी 'हाय-स्पीड' आलं तर ती यूएसबी २ म्हणून जोडली गेली आहे. केबल जुनी असेल, नाहीतर त्या रुंद मायक्रो-बी कनेक्टरचा एक भाग अर्धवट बसलेला असेल. नुसती केबल बदलणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याची ड्राइव्ह चालते, रडत चालते आणि मोठी फाइल कॉपी करताना मान टाकते.

अनघा_रत्नागिरी

तुम्ही दोघंही जाणकार आहात, पण वापरणारा माणूस तुमच्या बोलण्यात कुठेच नाही. मी शाळेत शिकवते, आमच्या लॅबमध्ये उबुंटू हे लिनक्स आहे. उबुंटूत २०.१० पासून सुडोशिवाय डीमेसेज चालत नाही आणि मुलांना, बहुतेक शिक्षकांनाही, सुडोचा अधिकार आम्ही देत नाही. निकालपत्रकं असलेली ड्राइव्ह उघडत नाही म्हणून बाई घाबरलेल्या असताना त्यांना इंग्रजी ओळींचा लोंढा दाखवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

आम्ही 'डिस्क्स' नावाचं ॲप उघडायला शिकवलं आहे. डाव्या यादीत ड्राइव्ह आहे की नाही, तिचा आकार बरोबर दिसतो की नाही, पार्टिशनवर एनटीएफएस लिहिलंय की 'अननोन', हे माउसनं कळतं. तुमच्या तिन्ही पायऱ्या त्यात आल्या. खरा दोष डेस्कटॉपचा आहे. कर्नलला कारण ठाऊक असतं आणि फाइल मॅनेजर मात्र 'माउंट करता आलं नाही' एवढ्यावर बोळवण करतो. कारण सांगायची जबाबदारी प्रणालीची आहे, ती वापरणाऱ्यावर का ढकलायची?

कृष्णाकाठ

अनघाताई, फाइल मॅनेजरबद्दल शंभर टक्के पटलं. पण 'डिस्क्स' फक्त स्थिती दाखवतं, कारण दाखवत नाही. शिवाय त्याच्या ज्या मेनूत 'चेक फाइल सिस्टीम' आहे त्याच मेनूत 'फॉरमॅट पार्टिशन'ही आहे. घाबरलेल्या माणसाच्या हाती तो मेनू द्यायला मी तयार नाही. डीमेसेजमधून काहीच पुसलं जात नाही.

रोलिंग_रिलीज

तिसरी बाजू मांडतो. सगळे ज्याला हसतात तो 'रीस्टार्ट करा' हा सल्ला आर्च (सतत अपडेट होत राहणारं लिनक्स) वापरणाऱ्यांसाठी पहिलाच हवा. अपडेटमध्ये नवा कर्नल आला की जुन्या कर्नलचे मॉड्यूल (गरजेप्रमाणे लोड होणारे जोडभाग) डिस्कवरून निघून जातात, पण मशीन अजून जुन्याच कर्नलवर चालू असतं. यूएसबी-स्टोरेज मॉड्यूल तोवर लोड झालेलं नसेल तर ते मिळत नाही. कीबोर्ड-माउस उत्तम चालतात, ड्राइव्ह तेवढी नाही. युनेम डॅश आर जी आवृत्ती सांगतं त्या नावाचा फोल्डर लिब-मॉड्यूल्समध्ये नसेल तर केबल कशाला बदलता, मशीन बंद करून चालू करा.

यात लॉग उपयोगी पडतो हे कबूल : यूएसबी डिव्हाइस सापडल्याची ओळ येते, एसडीची येत नाही. पण रीस्टार्टला अर्धा मिनिट लागतं, त्यासाठी लॉगचा अभ्यास नको.

खिडकीबंद

रोग वेगळाच आहे आणि तुम्ही औषधांवर भांडताय. इथं येणाऱ्या तक्रारी बघितल्या तर बहुतेकांची ड्राइव्ह एनटीएफएस असते आणि आदल्या दिवशी विंडोजला लावलेली असते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' आलं. मशीन बंद केल्यासारखं दिसतं, पण कर्नल हायबरनेट झालेला असतो आणि ड्राइव्हचा हिशेब अर्धवट राहतो. मग एनटीएफएस-३जी हा लिनक्सवरचा एनटीएफएस ड्रायव्हर सांगतो, 'मेटाडेटा विंडोजच्या कॅशमध्ये आहे, माउंट करणार नाही'. कर्नल ५.१५ पासून, २०२१ मध्ये आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर तर व्हॉल्यूम 'डर्टी' (नीट बंद न झालेला) असेल तर 'फोर्स' हा पर्याय दिल्याशिवाय हातच लावत नाही. दोघंही बरोबर वागतात. फास्ट स्टार्टअप बंद करा, ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करा, इथले तक्रारीचे निम्मे धागे बंद होतील.

आणि देवाणघेवाणीसाठी एनटीएफएस सोडा, एक्सफॅट ही फाइल सिस्टीम घ्या. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये तपशील खुले केले, कर्नल ५.७ पासून चांगला ड्रायव्हर आत आहे. वेगळं काही बसवायला नको.

कोल्हापूर_डेटा

एक्सफॅटची शिफारस सरसकट करू नका. त्यात जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नाही. लिहिणं चालू असताना केबल ओढली तर एनटीएफएस किंवा लिनक्सची एक्सट४ सावरायची शक्यता जास्त, एक्सफॅटमध्ये फोल्डरच्या फोल्डर गायब झालेले मी बघितलेत. लग्नाचे फोटो ठेवायची ड्राइव्ह असेल आणि ती फक्त लिनक्सलाच लागत असेल तर एक्सट४ ठेवा.

एनटीएफएसफिक्सबद्दल मात्र कृष्णाकाठांच्या बाजूनं बोलतो. लोक त्याला चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) समजतात. ते थोड्या मूलभूत चुका दुरुस्त करतं, जर्नल रिकामं करतं आणि पुढच्या विंडोज बूटला तपासणी लावून देतं. बस. खरी तपासणी विंडोजच्या चेकडिस्कनंच होते. पण चेकडिस्कही मरत्या डिस्कवर चालवायचं नाही. ते दुरुस्तीच्या नावाखाली लिहीत सुटतं.

अजून एक, डबा फोडून आतली डिस्क थेट लावायचा सल्ला. काही एक्सटर्नल ड्राइव्हच्या डब्यातलं सर्किटच डेटा एन्क्रिप्ट करत असतं, पासवर्ड लावलेला नसला तरी. डिस्क बाहेर काढली की पार्टिशन दिसत नाही, माणूस समजतो सगळं गेलं आणि फॉरमॅट करतो. डेटा तिथंच होता, त्याच डब्यातून वाचता आला असता.

रोलिंग_रिलीज

डब्यांवरून आठवलं. लॉगमध्ये 'यूएएस' आणि पाठोपाठ 'रीसेट सुपरस्पीड' अशा ओळी पुन्हापुन्हा येत असतील तर डब्यातली पुलाची चिप (यूएसबी आणि डिस्क यांना जोडणारी) आणि यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत) यांचं जमत नाहीये. एलएसयूएसबी या कमांडमधून कंपनीचा आणि उपकरणाचा असे दोन आयडी घ्या आणि यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्समध्ये (अपवादांच्या यादीत) शेवटी 'यू' लावून टाका. वेग थोडा कमी होतो, ड्राइव्ह स्थिर होते. हे मात्र लॉगशिवाय कुणालाही सुचणार नाही.

अनघा_रत्नागिरी

कोल्हापूर_डेटा, मग आवाज करणाऱ्या ड्राइव्हचं आमच्यासारख्यांनी करायचं काय? दुकान गाठेपर्यंत?

कोल्हापूर_डेटा

बाई, टक-टक येत असेल तर केबल काढा आणि परत लावू नका. लॉगसाठी नाही, 'शेवटचं एकदा' म्हणूनही नाही. यावर मी हटणार नाही.

आवाज नाही, पण वाचायला फार वेळ लागतोय, लॉगमध्ये 'आय-ओ एरर' येतायत, तर माउंट करायच्या फंदात पडू नका. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या ड्राइव्हवर डीडीरेस्क्यू या कमांडनं प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, घ्या. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका, ती असली की मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे जाता येतं. मग टेस्टडिस्क (हरवलेलं पार्टिशन शोधणारा प्रोग्राम), चेकडिस्क, काय चालवायचं ते त्या प्रतीवर.

कृष्णाकाठ

आवाज करणारी ड्राइव्ह लावू नये, हे मान्य. शांत ड्राइव्हबद्दल माझं म्हणणं कायम आहे : केबलला हात लावायच्या आधी लॉग. अनघाताई, तुमच्या लॅबमध्ये निदान एका शिक्षकाला 'एडीएम' या लॉग वाचू शकणाऱ्या गटात घाला. मग कर्नलचा तोच लॉग दाखवणारं जर्नलसीटीएल डॅश के सुडोशिवाय चालतं आणि मुलांना काहीच अधिकार द्यावे लागत नाहीत.