मदत हवी आहे: नर्सच्या एकट्या पगारावर मिरजेत मुलीला घेऊन राहणं जमेल का?

नमस्कार, मी जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली स्टाफ नर्स आहे, मिरजेत एका ४० बेडच्या खाजगी हॉस्पिटलला काम करते, हातात १६ हजार येतात. मिस्टर वारल्यापासून माहेरी राहते, तासगावच्या पुढं गाव आहे, मुलगी दुसरीत शिकते. आता मिरजेत रूम घेऊन तिला जवळ ठेवायचं मनात आहे, कारण इव्हिनिंग ड्युटी म्हणायला आठला संपते पण पुढची सिस्टर आली की तिला एकेक पेशंट दाखवायचा, कुणाचं सलाईन किती राहिलंय, कुणाचं इंजेक्शन किती वाजता, युरीन बॅग किती भरली हे सगळं लिहून सही करायची, यात नऊ वाजतात आणि गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. मग चेंजिंग रूममध्येच झोपायचं आणि सकाळी परत ड्युटी. पोरगी फोनवर विचारते, आज पण येणार नाहीस का.

हिशोब मांडून बघितलाय. रूम साडेचार हजार, किराणा गॅस दूध मिळून साडेपाच, लाईट आणि मोबाईल सातशे, शाळा आणि व्हॅन दोन हजार, शाळा सुटल्यावर सांभाळायला शेजारच्या काकूंना दोन हजार. तेराशे उरतात, त्यात आजारपण, कपडे, गावाकडं जाणं येणं. लाडकी बहीणचे दीड हजार येतात पण ते मी यात धरलेले नाहीत, बंद झाले तर काय म्हणून. डिपॉझिट वीस हजार मागतायत ते वेगळंच. भाऊ म्हणतो एवढ्यात भागत नाही, इथंच रहा. तो प्रेमानंच म्हणतो पण त्याचा पण संसार आहे. कुणी असं एकटीनं केलंय का, खरं खरं सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी पण सिस्टरच, १२ वर्षं झाली. तुमच्या हिशोबात नाईट कुठंय? रात्री आठ ते सकाळी आठ तुम्ही वॉर्डात, तेव्हा पोरीजवळ कोण झोपणार? काकू दुपारी सांभाळतील, रात्री नाही. पैसे कसेतरी भागतात, ही अडचण पैशानं पण सुटत नाही. मी दुसऱ्या एका सिस्टरबरोबर रूम केली होती, इन्चार्जला सांगून दोघींच्या नाईट कधीच एकत्र लावायच्या नाहीत असं ठरवलं, भाडं पण अर्धं झालं. आधी हे बघा.

प्रतिसाद २
१६ हजार हाच मुळात कमी पगार आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्र सरकारनं समिती नेमली होती, तिनं ५० पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलात सुद्धा नर्सला निदान २० हजार द्यावेत असं सांगितलं, आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार. पण ती शिफारस आहे, अंमलबजावणी राज्यांवर सोडली, म्हणून हॉस्पिटलवाले दाद देत नाहीत. तरी पगारवाढ मागताना हा आकडा सांगा. आणि स्लिप बघा, स्टाफ १० किंवा जास्त आणि पगार २१ हजारापर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो, तुमच्याकडून पाऊण टक्काच कापतात, म्हणजे १२० रुपये, त्यात तुमचं आणि मुलीचं दोघींचं औषधपाणी येतं.

प्रतिसाद ३
ताई, बालसंगोपन योजनेचा अर्ज केलाय का? क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, वडील नसलेल्या मुलांना महिन्याला २,२५० मिळतात, १८ वर्षांपर्यंत. सांगलीला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जा, मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, दोघींचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला घेऊन. पैसे नियमित येतील असं समजू नका, अडकून एकदम येतात, त्यामुळं भाड्यात धरू नका, शाळेसाठी ठेवा.

दुसरं म्हणजे सरकारी भरतीचा अभ्यास सोडू नका. स्टाफ नर्सचा बेसिकच ३५,४०० पासून आहे, भत्ते वेगळे. वय ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत चालतं. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी जागेला २० हजार असतात पण ऑर्डर ठरावीक मुदतीचीच, आणि पोस्टिंग जतकडं वगैरे लागलं तर मुलीची शाळा परत बदलणार, तेव्हा चार हजाराला भुलू नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. नाईटचं मी खरंच एवढं धरलं नव्हतं, आई येऊन राहील असं वाटत होतं पण तिला गुडघ्यामुळं जिना चढवत नाही आणि रूम दुसऱ्या मजल्यावर आहे. बालसंगोपनचं तर कुणी सांगितलंच नव्हतं, सोमवारी सुट्टी आहे, सांगलीला जाऊन येते. पगाराचं इन्चार्जशी बोलते, एकटीनं नाही, आम्ही सगळ्याजणी मिळून जाणार आहोत.

आता एवढंच विचारते, मिरजेत सिव्हिल किंवा मिशन हॉस्पिटलच्या बाजूला कुणी सिस्टर रूम पार्टनर शोधत असेल आणि मुलीसकट चालत असेल तर इथंच लिहा. तळमजला असेल तर फार बरं, आईला येता येईल. १० तारखेच्या आत डिपॉझिटचं सांगायचंय.