चेअरमनला डेअरिंग पाहिजे का डोकं?

कृष्णाकाठचा_गडी
आमच्या विकास सोसायटीच्या गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेतली गोष्ट, वाळवा तालुका, गावाचं नाव सांगत नाही कारण सगळे भावकीतलेच आहेत. चेअरमन उठले आणि माईकवर सरळ म्हणाले यंदा लाभांश नाही. आणि का नाही तेपण सांगितलं, की मार्चला जी शंभर टक्के वसुली दिसते ती खरी नाही, नवं-जुनं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्चअखेर पीककर्ज भरलं की व्याजाची सवलत मिळते आणि सोसायटीपण थकबाकीत दिसत नाही, म्हणून चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने घ्यायचे, भरणा करायचा, पावती करायची, आणि लगेच नवीन कर्ज उचलून उसने परत. कागदावर वसूल, मुद्दल हाय तिथंच, वर उसन्याचं व्याज वेगळं. सगळ्या गावाला माहीत असतंय पण सभेत कोण बोलत नाही. हा माणूस बोलला. दंगा झाला, दोघांनी अहवाल फाडला, चार महिन्यांनी इलेक्शनला पॅनेल साफ पडलं.

माझं म्हणणं एवढंच, पुढाऱ्याला बाकीचं सगळं उसनं मिळतं ओ. हिशोबाला सचिव हाय, कायद्याला वकील हाय, भाषण लिहून द्यायला मास्तर हाय. धाडस तेवढं पदरचं लागतं. बोला.

हळदपेठ
रागावू नका भाऊ पण आपल्याकडं डेअरिंगचं जरा जास्तच कौतुक झालंय. आमच्या घरचे साडेचार लाख एका पतसंस्थेत अडकलेत, नाव घेत नाही. तिथला चेअरमन म्हणजे नुसती डेअरिंग. शाखा काढायची डेअरिंग, तारण न बघता कर्ज द्यायची डेअरिंग, ठेवीला दुसऱ्यापेक्षा दोन टक्के जादा द्यायची डेअरिंग. लोक म्हणायचे काय माणूस आहे, कुणाच्या बापाला भीत नाही. भ्यायला पाहिजे होतं हो. त्यात माझ्या आईचे शेवया आणि सांडगे विकून साठवलेले पैसे होते. मला तर भित्रा चेअरमन द्या, जो सही करायच्या आधी तीनदा विचारतो.

कृष्णाकाठचा_गडी
@हळदपेठ वाईट वाटलं वाचून. पण ती डेअरिंग नव्हे, दुसऱ्याच्या पैशावर खेळलेला जुगार. धाडस म्हणजे स्वतःचं काहीतरी जाणार हे माहीत असून केलेलं काम.

अजिंक्यतारा_खालचा
स्वतःचं म्हणजे नक्की कुणाचं पण? मी सातारचा, रयतच्या शाळेत शिकलो, त्यामुळं कर्मवीर अण्णांबद्दल माझ्या तोंडून वावगं निघणार नाही. 1919 ला काल्याला संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पण पोरांच्या जेवणाला धान्य नव्हतं तेव्हा सोनं कुणाचं गेलं? लक्ष्मीबाईंचं. एकेक करत दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रपण. आम्हाला शाळेत हा प्रसंग दरवर्षी सांगायचे आणि आम्ही भाषणात म्हणायचो अण्णांचा त्याग. आता पन्नाशीत विचार करतो की त्या घरातलं धाडसी माणूस कोण होतं नक्की. पुढारी धाडस करतो तेव्हा घरातलं कोणतरी त्याची किंमत मोजत असतंय, ते धरा हिशोबात.

माणदेशी_मेंढका
सर हे भारी लिहिलंत. पण मग कुणी काही करायचंच नाही का?
24 जुलै 1943, सांगलीचा जेल. वसंतदादा आणि साथीदार दिवसाढवळ्या पहारेकऱ्यांच्या बंदुका काढून घेऊन जेल फोडून बाहेर पडले. दादांना गोळी लागली, दोन साथीदार गेले. हिशोब करत बसले असते तर कोण बाहेर पडला असता? तोच माणूस पुढं सांगलीत साखर कारखाना उभा करतो. आधी छाती, मग हिशोब.

हळदपेठ
@माणदेशी_मेंढका उलटं बघा की जरा. पत्रीसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून सातारा भागात चालवलेलं लोकांचं सरकार, 1943 ते 46 टिकलं ते नुसत्या छातीवर टिकलं का? नाना पाटलांना इंग्रज शेवटपर्यंत पकडू शकले नाहीत ते का, तर गावोगाव लोक लपवत होते, भाकरी देत होते. आणि लोक देत होते कारण तिथं न्याय मिळत होता. भांडणं मिटवायला न्यायमंडळं होती, सावकाराला चाप होता, कमी खर्चात गांधी लग्नं लागत होती. ही सगळी व्यवस्था आहे हो. नुसतं धाडस असतं तर सहा महिन्यात सगळे आत गेले असते.

माणदेशी_मेंढका
न्यायमंडळात बसायला पण धाडसच लागतंय, सावकार गावातलाच असतोय 😄

मिरजेची_माहेरवाशीण
तुम्ही सगळे जेल आणि बंदुकीवरच अडकलाय. मी जरा साधं सांगते. ऑगस्ट 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तिथं धोक्याची पातळी 45 आहे. त्या वेळी ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते अजून डोळ्यापुढनं हलत नाही. माझं सासर नदीकाठचं. 2019 ला आमच्यात पण सगळे म्हणत होते 2005 ला इथपर्यंत आलं नव्हतं, आता कुठलं येतंय. आलं. मग 2021 च्या जुलैत पाऊस लागला तेव्हा आमच्या उपसरपंच बाईंनी पाणी अजून खाली असतानाच दावणीची जनावरं सोडायला लावली. दारोदार फिरल्या. पुरुष माणसं पारावर बसून हसत होती, एकजण तर म्हणाला बाईला पाण्याची लई भ्या वाटती. आणि खरंच वाटत होती, मला नंतर म्हणाल्या की पाण्यापेक्षा जास्त भीती पाणी न येण्याची होती, म्हणजे नाही आलं तर पुढची पाच वर्षं गाव तोंड वर काढू देणार नाही. पाणी आलं. आमची दोन म्हशी आणि एक रेडी वाचली. नसतं आलं तरी त्यांचा निर्णय बरोबरच होता असं माझं मत आहे, पण हे गाव मान्य करणार नाही.

ऑडिटवाला
मी तीस वर्षं सोसायट्यांचं ऑडिट केलंय, रिटायर आहे. ताईंचं पटलं. मूळ पोस्टचं पटलं नाही. गडीभाऊ, एक विचारतो, तुमचे चेअरमन त्या खुर्चीत किती वर्षं होते?

कृष्णाकाठचा_गडी
आठ.

ऑडिटवाला
म्हणजे आठ वर्षं दर मार्चला त्यांच्या सहीनं नवं-जुनं झालं. नवव्या वर्षी धाडस आलं. मी सांगतो काय होतं अशा वेळी. सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी लागायचा वास येतो, मग 88 खाली नुकसान संचालकांच्या अंगावर बसू शकतं, म्हणजे घरादारावर. तेव्हा माईकवर खरं बोलून ठेवलेलं बरं असतं, प्रोसिडिंगला नोंद होते. तुमच्या माणसाचं असंच होतं असं म्हणत नाही. पण धाडस आणि वकिलाचा सल्ला लांबनं सारखेच दिसतात.
शिवाय दोन वर्षं आधीपासून वीस-वीस सभासद बसवून, हप्ते पाडून, खरी वसुली सुरू केली असती तर अहवाल फाटला नसता. आता नवीन पॅनेल काय करतंय?

कृष्णाकाठचा_गडी
परत नवं-जुनंच 🙏

ऑडिटवाला
झालं मग.

कराडी_उसाचा_रस
यशवंतरावांचं कुणी नाव काढलं नाही अजून, आश्चर्य आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी सगळा मुलूख एका बाजूला आणि हा माणूस दुसऱ्या बाजूला. 57 च्या निवडणुकीत काँग्रेस आपल्या भागात झोपली, स्वतः कराडात थोडक्यात वाचले. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात नेहरूंना प्रतापगडावर आणलं, वाटेत काळे झेंडे. आणि 1960 ला राज्य मिळालं ते त्यांच्याच हातात. लोकांचं ऐकून न घेण्याला पण धाडस लागतं.

माणदेशी_मेंढका
ओ रसवाले, धाडस त्या 106 जणांचं ज्यांनी गोळ्या खाल्ल्या. यशवंतरावांचं होतं ते दिल्लीचं मन राखणं. चळवळ नसती तर दिल्ली ऐकत होती होय?

कराडी_उसाचा_रस
आणि दिल्लीत कुणी शांतपणे पटवणारा नसता तर नुसत्या चळवळीनं किती वर्षं लागली असती ते पण सांगा. माझी आजी समितीवाली, आजोबा काँग्रेसवाले, आमच्यात हे भांडण जेवताना चालायचं, तुमच्याशी काय नवीन नाही.

हळदपेठ
मूळ मुद्द्यावर या. गडीभाऊ, ऑडिटवाले साहेबांनी चेअरमनचं विचारलं, मी तुमचं विचारतो. त्या सभेत तुम्ही काय केलं?

कृष्णाकाठचा_गडी
विचारणार माहीत होतं कोणतरी.
चेअरमननी ठराव मांडला होता, की यंदापासून नवं-जुनं बंद, थकलेल्यांना हप्ते पाडून द्यायचे. सूचक मिळाला, एक म्हातारे सभासद. अनुमोदक पाहिजे होता. चेअरमननी माईक धरून सगळीकडं बघितलं, माझ्याकडं पण बघितलं, आम्ही एका बेंचवर शिकलोय. मी मागच्या रांगेत खांबाला टेकून होतो. माझं एक लाख ऐंशी हजाराचं कर्ज त्याच नवं-जुन्यातलं हाय. हप्ते पाडले असते तर पोराची पुण्याची फी थांबली असती. मी खाली बघून चपलेचा अंगठा नीट करत बसलो. ठराव अनुमोदनाशिवाय पडला.

मिरजेची_माहेरवाशीण
दादा, हे लिहिलंत ते बरं केलंत.

ऑडिटवाला
यंदाची सभा कधी आहे?

कृष्णाकाठचा_गडी
26 ला, सकाळी 11. कोरमअभावी तहकूब झाली तर त्याच जागी साडेअकराला. दरवर्षी साडेअकरालाच होती.