मदत हवी आहे: मार्व्हल कॉमिक्समधल्या वांडा आणि पिएत्रोला (स्कार्लेट विच आणि क्विकसिल्व्हर) कुठल्या रकान्यात टाकू?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. सोसायटीच्या गणपतीत यंदा मुलांसाठी कॉमिक्सवर प्रश्नमंजूषा आहे आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (माझं नाव भाच्याने सुचवलं. बघते त्याच्याकडे.)

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने रकाने आखलेत. मार्व्हलमध्ये जन्मतःच एक्स-जीन (शक्ती देणारं जनुक) असलेले ते म्युटंट, म्हणजे १९६३ पासूनचे एक्स-मेन. अपघाताने किंवा प्रयोगातून शक्ती मिळालेले ते म्युटेट: कोळी चावलेला स्पायडर-मॅन, गॅमा किरणांत सापडलेला हल्क. डीसी कॉमिक्सवाले दोघांनाही मेटाह्यूमनच म्हणतात, त्यामुळे तिथे डोक्याला ताप नाही. सुपरमॅन क्रिप्टॉनचा, माणूसच नाही, म्हणून बाद. बॅटमॅनकडे शक्ती नाही, पैसा आहे; तोही बाद. यावरून भाचा दोन दिवस बोलत नव्हता.

घोडं अडलंय वांडा आणि पिएत्रोपाशी. १९६४ मध्ये एक्स-मेनच्या चौथ्या अंकात ही जुळी भावंडं आली ती म्युटंट म्हणूनच. पुढे एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो त्यांचा बाप निघाला. मग अलीकडच्या कथांत कळलं की तो बाप नव्हेच, आणि शक्तीही हाय इव्होल्यूशनरी नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून आलेल्या! आता उत्तर कुठलं धरू? जुनं धरलं तर नवं वाचणारी पोरं भांडतील, नवं धरलं तर त्यांचे बाबा.

की प्रश्नातच साल घालू? जाणकारांनी रविवारपर्यंत सांगा, सोमवारी कागद झेरॉक्सला द्यायचेत.