घरी घुमट (कातडं लावलेलं मातीचं वाद्य) बनवायचंय, बकरीच्या कातड्याने जमेल का?

कुडाळची_डोंबिवलीत:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या घरी गणपतीत घुमट आरती असते, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं ढोलासारखं वाद्य), झांजा सगळं असतं, पण वाजवणारे सगळे काका लोक आणि त्यांची घुमटंही जुनी. यंदा मला स्वतःच्या हाताने एक बनवून न्यायचंय. विकत मिळतं हे माहितीये, प्लीज ते सांगू नका 😅 मातीचं भांडं करून देणारा एक कुंभार ओळखीत आहे पण कातड्याचं काहीच माहीत नाही. मोठे काका म्हणतात घोरपडीच्या कातड्याशिवाय ते घुमटच नाही. बकरीचं चालेल का, आणायचं कुठून, फ्लॅटमध्ये साफ कसं करायचं (सासूबाईंनी आधीच डोळे वटारलेत) आणि शेवटी त्यावर गेरू-हळदीने थोडं रंगकाम करायचंय ते केलं तर आवाज बिघडतो का?

वाडीतला_झील:
ताई, आमच्या वाडयेत आता सगळी घुमटां बकऱ्याच्या कातड्याचीच. आवाज थोडो वेगळो येता, पण आरती रंगली काय कोणाक कळणा नाय. काकांक सांग, घोरपड पकडलंस तर गणपती आत बसान बघूचो लागतलो 😂

चुनकळी:
वरचा गंमत करतोय पण खरंच सांगतो, घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्यात (1972 चा) अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं. घरात जुनं घोरपडीचं घुमट असेल तर तेही विकायला वगैरे काढू नका. गोव्यात 2019 साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, आता तिकडेही बकरीचंच कातडं लावतात, त्यामुळे काकांचा मुद्दा निकालात निघाला असं समजा.

आता कातडं. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की करडाचं पाहिजे, मोठ्या बोकडाचं नको, ते जाड असतं आणि घुमटाचं तोंड लहान, त्यावर जाड कातडं लावलं की नुसता धप्प आवाज येतो. सोलताना सुरी लागून भोक पडलेलं घेऊ नका, कातडं उजेडासमोर धरून बघा, बारीक चीर पण ताण पडला की फाटत जाते. लगेच काम करणार नसाल तर मांसाकडच्या बाजूला भरपूर मीठ चोळून ठेवा, फक्त नंतर ते मीठ साध्या पाण्यात पूर्ण काढायचं.

केस काढायला चुना. प्लास्टिकची बादली घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चुन्यात खराब होतं. भिजवून थंड झालेला चुना दुधासारखा पातळ करून त्यात कातडं पूर्ण बुडवायचं, रोज काठीने ढवळायचं, हातात रबरी मोजे पाहिजेतच. केस चिमटीत धरून ओढले की काही जोर न लावता निघाले म्हणजे झालं, पातळ कातड्याला दोन-चार दिवस पुरतात. मग गोल पाइपवर वगैरे टाकून बोथट सुरीच्या पाठीने एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूची चरबी खरवडायची. चरबी राहिली तर वास जातच नाही, सासूबाईंचे डोळे तिथेच येणार 🙂 फ्लॅटमध्ये करूच नका हे, गावी परसात करा नाहीतर गच्चीवर.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कुठल्याही टप्प्यावर गरम पाणी नको. ओलं कातडं गरम झालं की आखडतं आणि चिकट होतं, सरस (चिकटवायचा) अशाच कातड्यापासून बनतो. सगळं थंड पाण्यात.

कुडाळची_डोंबिवलीत:
वा, एवढं सविस्तर, धन्यवाद दादा! चुना पूर्ण निघाला हे कसं कळणार पण?

चुनकळी:
बोटाला साबणासारखं बुळबुळीत लागतंय तोवर धूत राहा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. मग एका कोपऱ्यावर चिमूटभर हळद लावून बघा, लाल झाली तर चुना आहे अजून. कुंकू असंच करतात ना, हळद आणि चुना, तेच.

मातीकाम_सावंतवाडी:
कातडं झालं, आता भांड्याचं मी बोलते कारण सगळे तिथेच घाई करतात. कुंभाराला नीट सांगा की दोन्हीकडून उघडं पाहिजे, एक तोंड मोठं ज्यावर कातडं येणार आणि दुसरं अरुंद ते तसंच मोकळं राहणार. वाजवताना डाव्या हाताने ते मागचं तोंड झाकत-उघडत राहतात त्यावर तो घुमणारा आवाज अवलंबून असतो, कुंडीला भोक पाडून हे होत नाही. मोठ्या तोंडाला बाहेर वळलेला जाड काठ हवा, त्याच्या खाली दोरी अडकते. आणि चांगलं भाजलेलं पाहिजे, टिचकी मारली की खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर घेऊ नका.

काठ सॅंडपेपरने गुळगुळीत करा नाहीतर तिथेच कातडं कापलं जाईल. बांधायच्या आधी काठ ओल्या फडक्याने पुसून घ्या, भाजलेली माती कातड्यातलं पाणी शोषून घेते आणि मग कड आधी सुकते, मधला भाग नंतर, मग सुरकुत्या. काठाला चिंचोक्याची खळ लावली तर पकड चांगली बसते. ओलं कातडं ठेवून सुती दोरीचे घट्ट वेढे, आणि मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने खाली ओढत जायच्या. सुरकुती जाईपर्यंतच ओढा!! ओलं असताना जोर लावून ताणलंत तर सुकताना ते स्वतः आणखी आखडतं आणि मग एकतर कातडं फाटतं नाहीतर मातीचा काठ तडकतो. सावलीत सुकवायचं, उन्हात नाही, फॅनसमोर पण नाही.

टिपरू78:
एवढा खटाटोप कशाला, कातड्याऐवजी सिंथेटिक पान (प्लास्टिकचा पडदा) लावा, पावसात आवाज उतरत पण नाही

वाडीतला_झील:
लाव तू, आणि आरतीक येव नको 😂

कुडाळची_डोंबिवलीत:
हाहा. रंगकामाचं कोणी सांगा ना. माझ्या मनात होतं की कातडंच हळदीच्या पाण्यात तुरटी टाकून बुडवून पिवळं करावं, कापडाला करतो तसं.

चुनकळी:
तुरटी अजिबात नको. तुरटीने कातडं मऊ पडतं, तो कातडं कमावण्याचाच (टॅनिंगचाच) एक प्रकार आहे, हिरड्याचं आणि काताचं पण तेच. तुम्हाला पाहिजे ते कच्चं, कडक कातडं, कमावलेलं चामडं वाजत नाही. तेलाचा रंग आणि वॉर्निश पण नको.

मातीकाम_सावंतवाडी:
रंगायला आख्खं भांडं पडलंय की! गेरू रात्रभर भिजवून वस्त्रगाळ करा, त्यात बाभळीचा डिंक विरघळवून घाला, मग हाताला लागत नाही. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ आणि डिंक, काळ्यासाठी दिव्याची काजळी. हळद सुंदर दिसते पण उन्हात उडून जाते, पिवळ्यासाठी पिवळी माती बरी. कातड्यावर काढायचंच असेल तर कडेला बारीक ठिपक्यांची एकच ओळ, पातळ रंगाने, मध्ये जिथे हात पडतो तिथे काही नको. मला तर न रंगवलेलं कातडंच आवडतं, त्या करडाच्या पाठीवरचा काळा पट्टा कधीकधी केस काढल्यावरही हलका दिसत राहतो, त्याच्यापुढे आपली नक्षी काय.

आणि हो, भाद्रपदात हवेत ओल असणारच, आरतीच्या आधी कातडं सैल पडणार. हलगीवाले जाळावर धरतात ते बघून गॅसवर धरू नका, माती तडकेल. हेअर ड्रायर लांबून फिरवा, किंवा ऊन पडलं तर थोडा वेळ उन्हात. पूर्ण सुकलेल्या कातड्याला तेवढं चालतं.

कुंभाराला मात्र आत्ताच सांगा. पाऊस लागला की कच्ची भांडी सुकत नाहीत आणि भट्टी पण लावत नाहीत, मग दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.