शब्दचर्चा: तकाकी, चकाकी, तुकतुकी

टीपकागद: कृष्णधवल स्थिरचित्रांच्या मथळ्यांसाठी शब्द हवाय. भरताच्या वांग्यावर उजेडाचा पांढरा पट्टा उमटतो, त्याला काय म्हणावं? 'चकाकी' लिहिलं की स्टीलचं पातेलं डोळ्यांपुढे येतं.

अंधारखोली: येणारच. चकाकी धातूची, काचेची. वांग्याला तकाकी. पण फोटोत हे सालीइतकंच दिव्यावरही ठरतं. उघडा बल्ब लावला तर सालीवर कापल्यासारख्या कडांचा ठिपका पडतो. त्याला खुशाल चकाकी म्हणा. तोच बल्ब दोन फूट रुंद ट्रेसिंग पेपरच्या मागे नेऊन कागद वांग्यापासून हातभर अंतरावर धरला, की ठिपक्याचा लांबट पट्टा होतो आणि कडेला करड्यात विरतो. ही तकाकी. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापक मीटरवर विसंबू नका, तो काळ्या वांग्याला राखाडी करतो. एक ते दीड स्टॉप खाली या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा).

मध्यमा: कुणी 'झिलई' सुचवायच्या आत सांगते: झिलई चढवतात, ती अंगची नसते. तेल चोळलेल्या वांग्याला हवं तर म्हणा. पण चोळूच नका, तेल कुठे जाड कुठे पातळ बसतं आणि एका पट्ट्याची दहा शकलं होतात. ओल्या फडक्यानं पुसून कोरडं केलं की पुरे. द्राक्षं मात्र पुसायचीही नाहीत. वरची पांढरट भुकटी निघाली की बोटांचे डाग ठळक दिसतात. तिथे तकाकी शोधू नये, 'टपोरी' म्हणावं नि थांबावं.

टीपकागद: आणि पोलरायझरनं, म्हणजे परावर्तित चमक कापणाऱ्या फिल्टरनं, पट्टाच काढला तर?

अंधारखोली: वांगं गोल, त्यामुळे पट्टा सगळीकडून सारखा जात नाही. जिथून जातो तिथे काळा खड्डा उरतो. रंगीत फोटोत निदान जांभळा रंग सावरून घेतो, इथे तोही नाही. फिल्टर अर्ध्यावरच थांबवा.

'तुकतुकी' पाहायची तर अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनची १९३० सालची 'पेपर क्रमांक ३०' (पेपर म्हणजे इथे मिरची) बघा. भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली, एक्सपोजर काही मिनिटांचं. पत्र्यावरून उजेड चहूकडून परतलाय, म्हणून टोचणारा ठिपका कुठेच नाही, फक्त ताणलेली, भरलेली साल.

मध्यमा: तुकतुकी मान्य. आणि पट्टा निव्वळ पांढरा होऊन सालीचा पोतच गेला, तर यातला एकही शब्द वापरू नका. 'हायलाइट बर्न झाला' म्हणा, दिवा थोडा मागे घ्या आणि पुन्हा काढा.